तहकुबीनंतरचा अंक

माझ्या बायकोने नाटक लिहिलं, हे मी बरेच महिने कुणाला आपणहून सांगितलं नाही. ऑफिसात तर नाहीच. अभिमान कमी होता असं नाही. प्रयोगाची जाहिरात पेपरात आली तेव्हा तेवढा कोपरा कापून मी पाकिटात ठेवला होता आणि शीळफाट्याला बस अडकली की काढून बघायचो. पण नाटकाबद्दल बोलायला लागलं की त्यात मी कुठे आहे, तिथवर यावं लागतं. तिथवर यायची माझी तयारी नव्हती. आता झाली आहे.

आम्ही डोंबिवलीत राहतो, कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या अंगाला. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे मूळ गाव, ज्यांच्या शेतांवर आमच्या इमारती उभ्या आहेत ते. सोसायटीचा सेक्रेटरी मी. दुसरं कुणी व्हायला तयार नसतं आणि मला नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता. तळमजल्यावर एक हॉल आहे. बिल्डरने दिलेले सोफे, दोन एसी, भिंतीवर धबधब्याचं चित्र. बारशी आणि वाढदिवस सोडले तर तो कुलूपबंद असतो.

मध्ये एका वर्षी मार्चपासूनच ऊन असं तापलं की दुपारी गॅलरीची कडी हाताला चटका द्यायची. तेव्हा बायकोने सुचवलं की दुपारचा हॉल उघडा ठेवू या. जिने धुणाऱ्या बाई, वॉचमन, पार्सल घेऊन येणारी मुलं, गेटबाहेरचे रिक्षावाले, ज्याला टेकायचं त्याने टेकावं. "वार्षिक सभेत विषय घ्या," ती म्हणाली. मी घेतला. विषयपत्रिकेत सगळ्यात शेवटी घेतला.

सभेच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये दोन सभासद भेटले. त्यातला एक हसत हसत म्हणाला, "काय सेक्रेटरी, सोफ्यांना आता कव्हरं शिवायची का?" मीही हसलो. लिफ्ट थांबेपर्यंत माझं ठरून गेलं होतं. भांडण होणार, आवाज चढणार, माझ्या बायकोचं नाव निघणार. मला भांडण सोसत नाही. लहानपणापासून नाही.

ज्यांनी सोसायटीच्या सभा पाहिल्या आहेत त्यांना पुढचं समजेल. सभेला वेळेवर कुणी येत नाही, म्हणून कोरम होत नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. तेव्हा मात्र कोरमची गरज नसते. हजर असतील तेवढे ठरवतात. दर नोटिशीच्या तळाशी हे वाक्य असतं. आमच्या नोटिशीत ते मीच टाइप करतो. त्या दिवशीही तहकुबी झाली, बटाटेवडे आले, सभा पुन्हा भरली. शेवटचा विषय येईपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. अडचणीत सापडलो की नेहमी करतो तसं मी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणालो, महत्त्वाचा विषय आहे, माणसं कमी आहेत, कोरम नाही, पुढच्या सभेत घेऊ. कुणाची हरकत?

कुणाचीच नव्हती. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मला सगळ्यात जास्त.

बायको त्या दिवशी ठाण्यात, माजिवड्याला होती. तिची बहीण तिथल्या हॉस्पिटलात होती. घरी आल्यावर पर्स ठेवता ठेवता तिने विचारलं, काय झालं आपल्या विषयाचं? मी म्हटलं, कोरम झाला नाही. ती बरं म्हणाली आणि आंघोळीला गेली.

मे महिन्यात जिने धुणाऱ्या बाईंना भरदुपारी चक्कर आली. कशाबशा खाली उतरल्या आणि हॉलच्या पायरीवर, कुलूप लावलेल्या दाराला पाठ लावून बसल्या. बायको सुट्टीवर होती, तीच धावली. मीठसाखरेचं पाणी दिलं, ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, रिक्षा करून दवाखान्यात नेलं. बाई वाचल्या. पण कामावर परत आल्या नाहीत. मुलाबरोबर गावाकडे गेल्या असं वॉचमनने सांगितलं. कुठलं गाव, ते त्यालाही माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. इतकी वर्षं आमच्या दारासमोरचा जिना त्यांनी धुतला होता.

त्यानंतर बायको लिहायला लागली. तिने आधी कधी काही लिहिलं नव्हतं. ठाण्यात कोर्टाजवळच्या एका कार्यालयात तिची नोकरी, तिथे जेवणाच्या सुट्टीत लिहायची. मला वाटलं, कविता असेल. चार महिन्यांनी म्हणाली, दोन अंकी नाटक आहे.

नाटक पुढच्या काळातलं. फार पुढचं नाही. आज शाळेत जाणारी मुलं त्यात सोसायटीचे पदाधिकारी झाली आहेत. उन्हाळ्यात दुपारी भोंगा वाजतो आणि बाहेर फिरायला बंदी होते. शाळा पहाटे भरतात, लग्नं रात्री लागतात. वीज पुरत नाही म्हणून घरोघरचे एसी सरकारने उन्हाळ्यापुरते सील केले आहेत. त्याऐवजी दर सोसायटीला एक सामाईक गार हॉल. भोंगा वाजला की सगळ्यांनी आपापली उशी घेऊन तिथे जायचं, पाच वाजेपर्यंत एकमेकांचं घोरणं ऐकायचं. लोकांनी त्याची सवय करून घेतली आहे. कोण कुणाशेजारी झोपणार यावरून भांडणं आहेत, जमलेली लग्नं आहेत. हे सगळं तिने इतकं गमतीने लिहिलं होतं की मी वाचताना एकटाच मोठ्याने हसलो. मग पेच येतो. भिंतीपलीकडच्या गावाचा हॉल बंद पडला आहे, आणि गावातली माणसं गेटाशी आली आहेत. त्यांना आत घ्यायचं का? सभा बोलावली आहे. प्रेक्षक हेच सभासद. पडदा उघडतो तेव्हा सेक्रेटरी सभेची नोटीस वाचतो, तळाच्या वाक्यासकट. पहिल्या अंकाच्या शेवटी कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, आणि तेच मध्यंतर.

हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या ओळखीतल्या कुणाला एवढं सुचलेलं नाही. तिला मात्र मी "छान आहे" एवढंच म्हणालो.

दुसरा अंक तिचा अडला होता. एका रविवारी आम्ही ओट्याशी उभे राहून वाल सोलत होतो. तिने विचारलं, "अहो, ठराव मरतो कसा? नको तर सगळ्यांनाच असतो, पण विरोधात हात कुणी वर करत नाही. मग जातो कुठे?"

मी सांगायला लागलो. विषय शेवटी ठेवायचा. आधी खाणं मागवायचं. लोक पांगले की काळजीच्या सुरात म्हणायचं, इतक्या महत्त्वाच्या विषयाला एवढीच माणसं? तहकुबीनंतरच्या सभेला कोरम लागत नाही हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण उठून तसं बोलावं लागतं, आणि उठतं कोण? मी एरवी दोन वाक्यांवर बोलत नाही. त्या दिवशी बोलत राहिलो, आणि एकदम लक्षात आलं की तिचे हात थांबले आहेत. तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या वाटीतले वाल बघितले आणि थोड्या वेळाने पुन्हा सोलायला लागली.

पुढच्या आठवड्यात दुसरा अंक झाला. त्याला शेवट दोन होते. सेक्रेटरी म्हणतो, कोरम नाही, विषय पुढच्या सभेत, कुणाची हरकत? आणि थांबतो. बराच थांबतो. प्रेक्षकांतून कुणी उठलं नाही तर हॉलचं दार बंद होतं, भोंगा वाजतो, पडदा. कुणी उठून हरकत घेतली तर दार उघडतं, गावातली म्हातारी आत येते, आणि पुढे वीसेक मिनिटांचं नाटक आहे. नाटकातलं सगळ्यात चांगलं लिखाण त्या वीस मिनिटांत होतं.

माणसं सोसायटीतलीच जमवली. सेक्रेटरीचं काम बी विंगमधल्या दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. म्हातारीसाठी बायको थेट भिंतीपलीकडे गेली. तिथल्या एक मावशी आहेत, लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी म्हणतात, त्यांचा आवाज लाउडस्पीकरशिवाय आमच्या चौथ्या मजल्यावर येतो. मावशींच्या मालकीच्या तीन इमारती आहेत आणि तालमीला त्या मुलाच्या मोठ्या गाडीतून यायच्या, गळ्यात माझ्या घरापेक्षा महागाचं सोनं. पहिल्या दिवशी त्यांनी नाटक समजून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे मी तुमचे दारान एसी मागाला येतंय? आमचे घरान तर मोरीपरात एसी हाय, गो." सगळे हसले, त्याही. मग शेवटचं भाषण त्यांना वाचून दाखवलं. हे मी करीन, एवढंच म्हणाल्या.

बायकोने एकच नियम केला. आपलं माणूस उठवायचं नाही. कुणाच्या भावाला, कुणाच्या मैत्रिणीला आधी सांगून प्रेक्षकांत बसवायचं नाही. उठलं तर खरं कुणीतरी उठेल, नाहीतर दार बंद.

पहिला प्रयोग डोंबिवलीत, एका शाळेच्या सभागृहात झाला. लोक खूप हसले. मग तो क्षण आला. डॉक्टरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "कोरम नाही. कुणाची हरकत?"

डॉक्टरांना चष्मा नाही. तो नाटकापुरता घेतला होता. मी अंधारात बसलो होतो, तरी मान खाली घातली. म्हणजे तिला कळलं होतं. वाल सोलतानाच कळलं असणार.

कुणी उठलं नाही. आपला प्रेक्षक शहाणा. नाटक चाललेलं असताना मध्ये बोलायचं नाही, हे त्याला शाळेपासून शिकवलेलं. भोंगा वाजला, पडदा पडला, टाळ्या पडल्या. विंगेत मावशी नऊवारी नेसून, काठी घेऊन तयार उभ्या होत्या. तशाच गाडीत बसून घरी गेल्या. ठाण्याच्या प्रयोगालाही तेच. मध्यंतरात लोक वडा खाताना हसत होते, की चला, आपण आता तहकूब आहोत. पण हरकत म्हटल्यावर चिडीचूप. मावशी पुन्हा विंगेत. या खेपेला त्या बायकोला म्हणाल्या, "कवा तरी उठंल गो कोनी. नाय उठला तरी मी येन." बायको हसली. रंगपटात सामान आवरताना मात्र मी तिला बघितलं. ती म्हातारीची घोंगडी घड्या घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती.

परत येताना शीळफाट्याला ट्रकची रांग लागली होती. गाडी बंद करून बसलो. काचा खाली, वारा नाही. मी समोरच्या ट्रककडे बघत म्हणालो, "त्या वर्षी कोरमचं मी खोटं सांगितलं. तहकुबीनंतरची सभा होती. घेता आला असता विषय. मीच घेतला नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "नाटक कशावर लिहिलंय मग?"

"बोलली नाहीस."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले." मग म्हणाली, "पहिल्या प्रयोगाला मला वाटलं होतं, तुम्ही उठाल."

मी तिला तिच्या नियमाची आठवण केली. आपलं माणूस उठवायचं नाही. ती माझ्याकडे वळली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "नियम नाटकातल्या माणसांना. तुम्हांला कधी सांगितला? तुम्हांला कुणी उठवायचं नव्हतं, तुम्ही उठायचं होतं. तुम्ही सभासद आहात."

मागून हॉर्न वाजायला लागले. रांग सुटली होती. मी गाडी सुरू केली. घरी पोचल्यावर जिन्याने चढताना मी तिला जिने धुणाऱ्या बाईंबद्दल विचारलं, कुठल्या गावच्या, काही कळलं का. तिलाही शोधून सापडल्या नव्हत्या. तिने शोधलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

तिसरा प्रयोग कल्याणला, हौशी नाटकांच्या स्पर्धेत. मी मधल्या रांगेत बसलो. आजूबाजूला अनोळखी माणसं, पुढे परीक्षकांच्या टेबलावर छोटे दिवे. पहिला अंक रंगला. मध्यंतरात मी चहा घेतला नाही. दुसऱ्या अंकात माझं लक्ष नव्हतं, मी फक्त त्या वाक्याची वाट बघत होतो. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "कोरम नाही. विषय पुढच्या सभेत. कुणाची हरकत?"

मी उठलो. बोलायचं काय ते पाठ होतं, माझंच टाइप केलेलं वाक्य. पण आवाज आला नाही. नुसता उभा राहिलो, आणि काहीच सुचेना म्हणून हात वर केला. मागच्या बाईंनी आधी "बसा हो" म्हटलं. मग त्यांच्याच शेजारून कुणी पुरुष म्हणाला, "थांबा, त्यांची हरकत आहे वाटतं." डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. दोन प्रयोग झाले, कुणी उठलं नव्हतं. ते दुसऱ्या शेवटाचं पहिलंच वाक्य विसरले. त्यांनी नाटकात नसलेलं विचारलं, "काय... काय म्हणणं आहे आपलं?"

त्यावर मला आवाज सापडला. फार मोठा नव्हता. "ही तहकुबीनंतरची सभा आहे. हिला कोरम लागत नाही. नोटिशीत लिहिलंय."

मग बाल्कनीतून एक मुलगी ओरडली, "बरोबर आहे, आधी वाचलंय त्यांनी!" आणि मग एकेक करत लोक उठायला लागले. सगळे नाही, परीक्षकांच्या मागे एक गृहस्थ शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले होते. पण उठलेल्यांचे हात वर होते, आणि कुणीतरी "मोजा, मोजा" म्हणत होतं. प्रकाशयोजनेवाल्याची धांदल उडाली, आधी रंगमंचावर अंधार झाला, मग हिरवा उजेड, मग हवा तो. दार उघडलं. मावशी आत आल्या.

सोनं काढून ठेवलं होतं. घोंगडी, काठी. सगळीकडे बघून घेतलं. भाषण बायकोने लिहिलं होतं, पण मावशींनी ते तालमीत घोळवून घोळवून आपल्या बोलीत नेलं होतं. शेवटाकडे त्या म्हणाल्या:

"या हॉलचे खाली आमचा भाताचा शेत व्हता. माझे सासूनं मना हितंच लावणी शिकवली. उन्हान चक्कर आली का बांधावरचे जांभळीखाली निजायची, कोनी इचारत नव्हता. आता मी माझेच शेतान बसाला आलंय, तर हात वर करून इचारू? बरं. करते वर." आणि त्यांनी हात वर केला. प्रेक्षकांत माझ्यासह कितीतरी हात अजून वरच होते, खाली घ्यायचे राहून गेलेले.

मी रडलो, हे लिहायला मला पूर्वी लाज वाटली असती. रडलो. जिने धुणाऱ्या बाईंसाठी रडलो असेन, आणि बायकोसाठी. विंगेच्या कडेला ती उभी दिसत होती. ओठ हलत होते, मावशींच्या बरोबरीने पुढची वाक्यं म्हणत होते. तिची वीस मिनिटं पहिल्यांदा कुणीतरी ऐकत होतं. सगळं थिएटर ऐकत होतं.

वेळेची मर्यादा अर्थातच ओलांडली गेली. गुण कापले. पहिला-दुसरा क्रमांक गेला, मावशींना मात्र अभिनयाचं बक्षीस मिळालं. त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र घरान लावायला भिंत कंची मोकळी हाय ती बगाय पायजे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, आधी सांगायचंस तरी. ब्लँक झालो ना मी." मी म्हटलं, मलाच माहीत नव्हतं. ते तितकंसं खरं नव्हतं. पण आता अशा खोट्याची मला फार भीती वाटत नाही.

स्पर्धेनंतरच्या वार्षिक सभेत हॉलचा विषय मी पहिला घेतला, वडे यायच्या आत. लिफ्टमधल्या सभासदांनी विरोधात हात वर केले, उघड, दोघांनीही. भांडण झालं, आवाज चढले, माझ्या बायकोचं नाव निघालं. तिने खुर्चीतूनच उत्तर दिलं आणि मी ते इतिवृत्तात शब्दशः लिहिलं. ठराव पास झाला. हॉल आता मार्चपासून पावसापर्यंत दुपारी उघडा असतो. सोफ्यांना कव्हरं शिवली. बसणारे बहुतेक सोफ्यावर बसत नाहीत, दाराजवळ गार फरशीवरच आडवे होतात. ज्यांच्यासाठी तो उघडायला हवा होता त्या त्यात नाहीत, हे मला रोज कुलूप काढताना आठवतं. ते आठवणारच.

नाटकाचे प्रयोग अजून होतात. अंबरनाथला झाला, पनवेलला झाला. बातमी पसरली असावी, कारण आता हरकत म्हटल्याबरोबर चारपाच ठिकाणी लोक उठतात, काही तर मध्यंतरातच कोण उठणार ते ठरवून येतात. डॉक्टर कुरकुरतात की पहिल्या शेवटात टाळीचं वाक्य त्यांच्या वाट्याला होतं, आणि तो शेवट आता होतच नाही. परवा त्यांनी बायकोला विचारलं, मूळ शेवट एकदा तरी करू या का?

ती म्हणाली, "लोकांनी बसून राहावं, मग करू."

मी प्रत्येक प्रयोगाला जातो. उठत नाही, तशी गरजच पडत नाही. ऑफिसात आता सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलं. पेपरातला तो कोपरा पाकिटातून काढून टेबलावरच्या काचेखाली सरकवला आहे. कुणी विचारलं की हे कुणाचं नाटक, तर सांगतो, आणि त्यातला सेक्रेटरी कोण, तेही सांगतो.